शामलाच्या छत्रीची निरगाठ

वामनराव गोतमारे यांनी बांधलेली वस्तू आजवर कुठेही सुटली नव्हती.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांच्या हातचं पार्सल हमालांनी फेकलं, पावसात भिजलं, चुकून भलत्याच गाडीत चढून अर्धा देश फिरून आलं, तरी गाठ जागची हलली नाही. माणूस रिटायर होतो, हात होत नाहीत. घरी आल्यावर वामनराव लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचं फडकं, म्हणजे दादरा, सुतळीने बांधू लागले, आणि तेव्हापासून कुसुमताई लोणचं वाढायला विळी घेऊन बसू लागल्या. एकदा पुण्याला लग्नासाठी निघताना त्यांनी होल्डॉल बांधला. पुण्याला लग्नघरच्या दांडग्या मंडळींनी त्याच्याशी झटापट केली, एकाचं नख गेलं, आणि शेवटी सगळं कुटुंब नुसत्या सतरंजीवर निजलं. वामनराव मात्र न उघडलेल्या होल्डॉलला टेकून समाधानाने घोरले.

आता गाठी मुळात दोन जातीच्या. सुरगाठ म्हणजे बुटाच्या नाडीची. टोक ओढलं की सर्रकन सुटते. निरगाठ तिच्या उलट. ओढाल तितकी ती आवळत जाते. ज्याला खात्री नसेल त्याने एकदा बुटाच्या नाडीला निरगाठ मारून पाहावी आणि मग पाय धुवायला बसावं. वामनराव सुरगाठीला गाठ म्हणत नसत. बाहेरून बांधल्यासारखी दिसणारी आणि वेळेला दगा देणारी वस्तू, असं त्यांचं तिच्याविषयी मत होतं. स्वतःच्या बुटांच्या बाबतीत अडचण नको म्हणून ते चपला घालत.

अशा माणसाची मुलगी हवेत उडू लागली.

शामला बँकेत होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिथल्याच मैत्रिणींच्या नादाने ती एका क्लबात गेली. क्लबाकडे परदेशातून आलेले कापडी पंख होते. ते अंगाला बांधायचे, टेकडीवरून धावत सुटायचं आणि पायाखालची जमीन सोडून द्यायची. या प्रकाराला पॅराग्लायडिंग म्हणतात, हे कॉलनीत सर्वांना लवकरच पाठ झालं. ते कशासाठी करतात, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

"बँकेत बसाले खुर्ची असून पोट्टी हवेत काहून जाऊन राहिली?" शेजारचे चंपतराव म्हणाले होते. चंपतराव हे रिटायर्ड ओव्हरसियर. आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांवर उभं राहून सूचना केल्यामुळे त्यांना आता पूल नसला तरी चाले.

कुसुमताईंनी मुलीला साफ नाही म्हटलं होतं. तेव्हा क्लबाचे शिक्षक, कामठीचे आनंदराव सुभेदार, स्वतः घरी आले. फौजेत पॅराशूटमधून उड्या मारून त्यांची चाल अशी झाली होती की, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनही ते दोन्ही पाय जोडून उतरत. त्यांनी टेबलावर विटेएवढं एक पुडकं ठेवलं. त्याच्या बाजूला एक लाल मूठ शिवली होती.

"माई, मोठा पंख बिघडला तर ही दुसरी छत्री. पोरगी लाल मूठ ओढेल, पुडकं बाहेर येईल, मोकळ्या हवेत दूर फेकेल. दोऱ्या सुटल्या, कापड उघडलं, खेल खतम. आरामात खाली येते."

"अन् नाही उघडलं तं?"

"मी स्वतः बांधतो माई. कसं नाही उघडणार?"

त्या एका पुडक्याच्या भरवशावर कुसुमताईंनी होकार दिला होता. पुढे ते घरात आलं की त्या त्याला हळदकुंकूही लावत, आणि शामला गुपचूप पुसून टाकत असे.

क्लबाच्या खोलीत उंदीर झाले म्हणून शामलाने पुडकं घरी आणलं आणि शनिवारी ते दिवाणावर ठेवून ती बँकेत गेली. रविवारी सकाळी ती पहिल्यांदाच उंच टेकडीवरून उडणार होती.

वामनरावांना वस्तू दिवाणावर पडलेली खपत नसे. त्यांनी पुडकं उचललं, उलटसुलट पाहिलं. दोऱ्या नाहीत, गाठ नाही, लाखेचं सील नाही. हे पॅकिंग म्हणायचं तरी कसं? तेवढ्यात त्यांना लाल मूठ दिसली. मूठ आहे म्हणजे ती टांगण्यासाठीच असणार. त्यांनी मुठीने पुडकं खुंटीला अडकवलं आणि समाधानाने पाठ फिरवली.

मागे कुट्ट असा आवाज झाला. वळून पाहतात तो मुठीच्या पिना निघून वरचं आवरण जमिनीवर पडलेलं, आतली पिशवी खुंटीवर लोंबकळते आहे आणि तिच्यातून पांढऱ्या दोऱ्या एकेक वेढा सोडत खाली येत आहेत. त्या थांबवायला त्यांनी सगळ्या दोऱ्या मुठीत धरून वर ओढल्या. तेवढंच बाकी होतं. पिशवीचं तोंड उघडलं आणि कापड बाहेर आलं. ते येतच राहिलं. कुसुमताई स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा दिवाण, टेबल आणि रेडिओ दिसेनासे झाले होते आणि वामनराव कमरेपर्यंत पांढऱ्या कापडात उभे होते.

"अवं माय! हे काय केलं तुम्ही?"

"म्या काही नाही केलं. सुटलं थे."

हा शब्द वामनरावांनी स्वतःविषयी कधी वापरला नव्हता. त्यांच्या हातातलं काही सुटलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

आवाज ऐकून चंपतराव आले. आवाज झाला नसता तरी ते आलेच असते. समोरच्या पुष्पलताबाईही आल्या; त्या साड्यांना फॉल लावून देत, त्यामुळे कापड दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

"शामली घरी याच्या आत हे जसंच्या तसं बांधून व्हाले पायजे," वामनराव म्हणाले. "पार्सल बांधण्यात हयात गेली माही."

पण एवढं कापड आणि त्याच्याहून लांब दोऱ्या सरळ पसरायला घरात जागा नव्हती. कॉलनीचं सभागृह रिकामं होतं. त्याची किल्ली सेक्रेटरी भैयाजींकडे होती. भैयाजी दुपारच्या जेवणावरून हात धुऊन उठले आणि चष्मा लावला.

"अर्ज करा लागते. मंगल कार्य की श्रद्धांजली?"

"छत्रीची घडी घालाची आहे, भैयाजी," वामनराव म्हणाले.

"घडीचा खण नाही गा. दोनच आहेत. मंगल नाही तं श्रद्धांजली. उद्याची काय गोष्ट आहे म्हणता? पोरगी टेकडीवरून…" भैयाजींची लेखणी उगाचच दुसऱ्या खणाकडे वळली.

"मंगल लिहा!" कुसुमताई इतक्या जोरात ओरडल्या की भैयाजींच्या हातून शाई सांडली. मंगल कार्य म्हणून सभागृह मिळालं. नियमाप्रमाणे दारात तोरण लावावं लागलं.

पुष्पलताबाईंनी कापडाचा एकेक पट्टा धरून निऱ्या घातल्या. त्या इतक्या एकसारख्या होत्या की चंपतरावांनाही सूचना सुचेना. कुसुमताईंनी मधे कडुनिंबाची पानं ठेवली, कसर लागू नये म्हणून. वामनरावांनी दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ केल्या. सगळं जमत आलं. राहिली फक्त दोऱ्यांच्या वेढ्यांना धरून ठेवणारी रबरं.

ती चंपतरावांनी बोटावर ताणून पाहिली. एक टचकन तुटलं.

"हे काय होय? इम्पोर्टेड माल म्हणते अन् रबर पाहा. उद्या पोट्टी वर गेली अन् हे मधातच सुटलं तं?"

सुटलं तं? वामनरावांच्या काळजात कोणीतरी दाभण टोचल्यासारखं झालं. त्यांची लेक आभाळात असणार, आणि तिची छत्री रबराच्या कुचकामी वेढण्यांवर? ते तडक घरी गेले आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. मेण लावलेली, पिळाची सुतळी. मग त्यांनी आतल्या पिशवीला उभा वेढा दिला, आडवा वेढा दिला, दोऱ्यांचा जुडगा त्यात आवळला आणि गुडघा टेकवून गाठ मारली. हयातभराची माया त्या गाठीत उतरली होती. वर त्यांनी लाख वितळवून सील केलं. पितळी शिक्का निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मिळाला होता. मग बाहेरचं आवरण चढवलं, मुठीच्या पिना होत्या तशा खोचल्या. पुडकं आधीपेक्षा लहान आणि देखणं दिसू लागलं.

"शामलीले सांगजा बरं," कुसुमताई म्हणाल्या.

"सांगतो ना."

संध्याकाळी शामला आली, जेवायला बसली, आणि उद्याच्या उड्डाणाचंच बोलत राहिली. वामनरावांनी घसा खाकरला. "शामला, तुह्या त्या पुडक्याचं…"

"बाबा, त्याले हात नका लावू बरं का. सुभेदार काका लय चिडतात. मागे एकानं नुसती पिन हलवली तं त्याले क्लबातूनच काढलं."

आता यापुढे काय सांगणार? शिवाय पॅकिंग आधीपेक्षा मजबूत झालं होतं. ज्यात सुधारणा झाली ती चूक कशी? सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी उजाडायच्या आत जीपचा हॉर्न वाजला आणि शामला पुडकं घेऊन गेलीसुद्धा.

कुसुमताईंनी गरम भाकर ताटात टाकली. वामनराव म्हणाले, "लोणचं दे वं जरासं."

कुसुमताईंनी बरणी पुढे ओढली, सवयीने दादऱ्याची गाठ नखाने चाचपली आणि सुस्कारा सोडून उठल्या. विळी घेऊन बसल्या, सुतळी कापू लागल्या. "माह्याजवळ विळी आहे म्हणून तुमच्या पोटात लोणचं जाते," त्या पुटपुटल्या. "नाही तं जनमभर बरणीकडे पाहातच बसा लागलं असतं."

वामनरावांचा घास हातातच राहिला.

विळी.

शामलाजवळ वर विळी नव्हती.

त्यांना पुण्याचा होल्डॉल दिसला. नख गेलेला माणूस दिसला. सुभेदारांचं बोलणं पहिल्यांदाच नीट कानात शिरलं: दोऱ्या सुटल्या, कापड उघडलं. सुटल्या. ते पुडकं सुटण्यासाठीच होतं. आणि ते बांधलं होतं वामनराव गोतमारेंनी.

"काय झालं जी? असे पांढरे काहून पडले?" कुसुमताई म्हणाल्या. स्वतः विचारलं आणि हातातल्या विळीकडे पाहून त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं. विळी तशीच टाकून त्या देवापाशी जाऊन बसल्या.

चंपतरावांची स्कूटर थंडीत सुरू होत नसे. तिला डावीकडे आडवी करायची, मग उभी करून किक मारायच्या, मग शिव्या द्यायच्या, असा क्रम होता. वामनरावांनी शिव्यांपासून सुरुवात केली. त्या माणसाच्या तोंडून शिवी ऐकून चंपतराव इतके हादरले की पहिल्याच किकला स्कूटर सुरू झाली.

"मी तं काल म्हटलंच होतं," काटोल रस्त्याला लागल्यावर चंपतराव वाऱ्यात ओरडले.

"काय म्हटलं होतं?"

"का रबरं बरी आहेत म्हणून."

"तुम्ही म्हटलं रबरं कुचकामी आहेत!"

"ओव्हरसियर म्हणून म्हटलं गा. शेजारी म्हणून मले बरीच वाटली होती."

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, आणि मालगाडी आपल्या मर्जीने येते, हे वामनरावांना इतर कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते फाटकवाल्याकडे धावले. "भाऊ, मी रेल्वेचाच माणूस. पोरीच्या जिवाचा सवाल आहे, एक मिनिट उघड."

"रेल्वेचे आहात तं नेम तुम्हालेच ठाऊक पायजे," फाटकवाला म्हणाला आणि बिडी शिलगावली.

उत्तर इतकं बरोबर होतं की वामनरावांना वादही घालता आला नाही. गाडी आली, डब्यामागून डबा खडखडत गेला. एका उघड्या दारातून बांधलेली पार्सलं दिसली. वामनरावांनी तोंड फिरवलं.

संत्र्यांच्या बगीच्यांमधून कच्चा रस्ता टेकडीशी गेला तेव्हा ऊन वर आलं होतं. पायथ्याला शेताच्या बांधावर गर्दी होती. सगळ्यांच्या माना वर होत्या. वामनरावांनीही मान वर केली. केशरी पंखाखाली, घारीपेक्षा उंचावर, त्यांची शामला बसली होती.

"गोतमारेजी! वेळेवर आले!" आनंदराव सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पाहा आपली वाघीण! सकाळी मी पिना तपासल्या, मूठ तपासली. पुडकं असं सुंदर दिसून राहिलं होतं की मलाच प्रश्न पडला, मी इतकं चांगलं कधी बांधलं!"

वामनराव वर बोट दाखवू लागले.

"घाबरू नका हो. हवा जराशी वाढून राहिली. पण काही झालंच तं दुसरी छत्री, रिझर्व आहे ना!"

"सुभेदारसाहेब," वामनराव म्हणाले, "त्या रिझर्वले म्या निरगाठ मारली आहे."

"काय मारली?"

"निरगाठ. सुतळीची. जे सुटत नाही थे."

सुभेदारांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि आतून माणूस निघून गेला. मग त्यांनी वळून जीपमधलं लाल निशाण उचललं आणि ते दोन्ही हातांनी हलवत शेतात धावले. लाल निशाण म्हणजे ताबडतोब खाली ये. शामलाने ते पाहिलं, पंख वळवला आणि उतरायला लागली.

तेवढ्यात टेकडीच्या कडेने वाऱ्याचा झोत आला. पंखाची उजवी बाजू भाजलेल्या पापडासारखी आत दुमडली. शामला गर्रकन फिरली. बांधावरून किंकाळी उठली. खालून स्पष्ट दिसलं, तिचा एक हात वरची दोरी सोडून पोटाशी, लाल मुठीकडे निघाला होता.

"ओढ! ओढ!" सगळी गर्दी ओरडली.

"ओढू नको! शामले, ओढू नको वं!" एकटे वामनराव ओरडत होते. शेजारच्या एका शेतकऱ्याने त्यांचा दंड धरला. "कसा बाप आहे गा? पोरगी पडून राहिली अन् ओढू नको म्हणते!"

वर त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. पण मुठीपाशी गेलेला हात क्षणभर थांबला. पंखाची दुमडलेली कड थरथरली, फडफडली आणि फट् आवाज करून पुन्हा भरली. हात परत दोरीवर गेला. शामला तुरीच्या शेतात उतरली, चार पावलं धावली आणि मटकन खाली बसली. वामनराव तिच्यापाशी पोचले तेव्हा त्यांच्या दोन्ही चपला वाटेत कुठेतरी राहिल्या होत्या.

"बाबा? तुम्ही इथं काहून?"

सुभेदारांनी तिला पट्ट्यांसकट बांधावरच्या मोहाच्या फांदीला टांगलं. शिकवताना टांगत तसंच. "मूठ ओढ."

शामलाने ओढली. पिना निघाल्या. पुडकं हातात आलं. शिकवल्याप्रमाणे तिने ते लांब फेकलं.

धप्प.

ते ढेकळात पडलं आणि तसंच पडून राहिलं. सुभेदारांनी सुतळी ओढली, गाठ आणखी आवळली. दोन शेतकरी दोन बाजूंनी लागले. चंपतरावांनी सूचना केल्या. लाखेवर "नागपूर" ही अक्षरं मात्र छान उमटली होती.

फांदीवरूनच हात पुढे करून शामलाने पुडकं मागून घेतलं. गाठीवरून बोट फिरवलं. घरातलं प्रत्येक पोर ती गाठ ओळखत होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माहा हात मुठीवर गेला होता."

"पाहिला मी," वामनराव म्हणाले. त्यांनी तिथेच बांधावर बसून डोळ्यांना उपरणं लावलं. शामला फांदीवरून उतरली आणि त्यांच्या शेजारी बसली. चंपतरावांनी आणखी एकही सूचना केली नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं.

मग सुभेदार आले. कोयत्याने त्यांनी सुतळी कापली आणि जीपमधली ताडपत्री सावलीत अंथरली. "गोतमारेजी, उठा. आता तुम्हीच बांधा. माझ्यासमोर."

"मी? माह्या हातानं?"

"तुमचा हात सफाईदार आहे. डोकं उलटीकडे आहे, बस. दोऱ्या अशा, पीळ न ठेवता. कापड सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. हा पाला काढा पहिले, आत काहीच ठेवायचं नाही. अन् प्रत्येक वेढा रबरात. रबर आवळायला नसते गोतमारेजी, नुसतं धरायला असते. झटका बसला की सोडून देते."

वामनराव बसले. वेढा रबरात घातल्यावर त्यांचं बोट आपोआप आणखी एक पीळ द्यायला वळे, आणि सुभेदार मनगटावर टिचकी मारत. एकदा, दोनदा, कितीदा तरी. कपाळावर घाम आला. आयुष्यात इतकं सैल काही त्यांनी बांधलं नव्हतं.

शामलाला पुन्हा फांदीला टांगलं. तिने मूठ ओढली, पुडकं फेकलं. सुभेदारांनी ते पडता पडता झेललं आणि दोऱ्या ताणत लांब पळाले. दोऱ्या एकेक वेढा सोडत, सरसर, कुठेही न अडता बाहेर आल्या. पिशवीचं तोंड उघडलं, तुरीवरून येणारा वारा आत शिरला आणि पांढरं कापड मोहाखाली भप्पकन फुललं.

"सुटलं!" वामनराव ओरडले. "शामले, सुटलं वं!"

ते पुन्हा घडी घालायला बसले. शामला त्या दिवशी उडाली नाही. तिसऱ्या रविवारी उडाली.

त्याच्या आदल्या दिवशी कुसुमताईंनी भाकर वाढली, लोणच्याची बरणी ओढली आणि विळी उभी करून बसल्या. सुतळी विळीवर कापायला म्हणून त्यांनी तिचं टोक धरून हिसका दिला. सुतळी सर्रकन निघाली, दादरा उडाला, बरणी कलंडली आणि आंब्याची फोड तेलासकट त्यांच्या लुगड्यावर आली.

"अवं माय! हे सुटलं कसं?"

वामनराव ताटातून नजर न काढता म्हणाले, "थे सुटासाठीच बांधलं होतं. वाढ."